चादरीचं दुसरं टोक

हॉटेलच्या तळघरातल्या लाँड्रीत दोघी जावा कित्येक वर्षं समोरासमोर उभ्या राहून चादरींच्या घड्या घालत होत्या. थोरलीला वर रिसेप्शनवर घ्यायचं मॅनेजरच्या मनात होतं, पण आधी इंग्रजीची तोंडी परीक्षा होती. तिचं घोडं अडलं होतं ते 'आय' आणि 'मी' यांच्यात. त्यातून इंग्रजीतला 'मी' म्हणजे आपला 'मला'. तो कर्त्याच्या जागी बसतच नाही.

"सोबतचं माणूस वाक्यातून काढा आणि उरलेलं ऐका," अशी युक्ती क्लासच्या बाईंनी सांगितली होती. पण थोरलीच्या प्रत्येक वाक्यात जाऊ असायचीच, आणि तिला काढायला जीभ रेटत नव्हती.

त्या दिवशीही चादर धरूनच सराव चालला होता. "मॅनेजर थँक्ड माय सिस्टर-इन-लॉ अँड..." थोरली पुन्हा अडखळली.

"अहो जाऊबाई, काढा की मला एकदाची!" म्हणत धाकटीने आपलं टोक सरळ सोडून दिलं. धुतलेली चादर फरशीवर लोळली.

"मॅनेजर थँक्ड... मी!" थोरली ओरडली. "अगं, जमलं! आणि ही चादर आता तूच धू."

परीक्षेत प्रत्येक वाक्याला तिच्या डोळ्यांसमोर ते टोक गळून पडत होतं. ती पास झाली.

निकालाच्या दिवशीही दोघी चादर धरून उभ्या होत्या. धाकटी म्हणाली, "सोमवारपासून तुमचं टोक कोण धरणार?"

"दुपारच्या सुट्टीत खाली येते की. वाक्यातून काढलंय तुला, चादरीतून नाही. धर नीट!"