थेंबांची वही

मुलीच्या पायात बूट नाहीत हे मला डॉक्टरांच्या बंद दारापाशी पोचल्यावर कळलं. नुसते मोजे होते, त्यातला एक वाटेत कुठेतरी गळून पडलेला. मी घरून धावतच सुटले होते, तिची गाडी ढकलत, एका हातात पत्र, आणि इथे काचेवर कागद चिकटवलेला, उरलाउब, म्हणजे सुट्टी, दोन आठवडे. खाली दुसऱ्या डॉक्टरांचा पत्ता होता, पण मला एक अक्षर लागेना. मग मी पायरीवर बसले आणि पत्र परत फोनखाली धरलं. ते भाषांतराचं असतं ना फोनमध्ये, जर्मन अक्षरं हलतात आणि त्याच जागी मराठी उमटतं, तसं उमटलं, की तुमच्या मुलीच्या थेंबांचा खर्च आम्ही यापुढे उचलणार नाही.

कारणही दिलं होतं. डॉक्टर म्हणतात फरक पडलाय, पण आईने स्वतः ठेवलेल्या वहीत पाच महिन्यांत एकाही दिवशी फरक दिसत नाही.

आई म्हणजे मी. वही मीच लिहिलेली.

थेंब म्हणजे गांजापासून काढलेलं औषध. हे मी इथे सरळ लिहितेय, पुण्यात सासूबाईंना मात्र आम्ही आजपर्यंत नुसतं थेंबच सांगितलंय. मुलगी सातव्या महिन्यात झाली. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढून घट्ट व्हायचे, डायपर बदलताना दोघांनी दोन पाय धरायला लागायचे, आणि आकडी यायची ती वेगळीच. सगळी औषधं झाली. मग हायडेलबर्गच्या दवाखान्यात त्यांनी हे थेंब सुरू केले. तेव्हा ते अफू-मॉर्फिनच्या यादीत होते, पिवळ्या कागदावर लिहून मिळायचे, आणि तो कागद पर्समध्ये असला की मला पोलीस दिसला तरी घाम फुटायचा. मग कायदा बदलला, यादीतून नाव काढलं, आता साध्या खोकल्याच्या औषधासारखं विम्याच्या कार्डावर येतं. आमच्या घरामागच्या बागेत पोरं उघड ओढत बसतात, कोणी काही बोलत नाही. पण माझ्या मुलीच्या थेंबांना क्रांकेनकासेची, म्हणजे आरोग्यविम्यावाल्यांची, परवानगी लागते ती लागतेच.

ती परवानगी होती आमच्याकडे. पण ह्यांनी वाल्डॉर्फला नवी नोकरी धरली तेव्हा कासेही बदलली, का तर नव्या कासेचं ॲप इंग्रजीत होतं. नवे लोक म्हणाले, जुन्यांची परवानगी आम्हाला चालत नाही, आम्ही तात्पुरतं देतो, तोवर आईने रोजची वही ठेवावी, आकडी किती, झोप किती, पाय कसे. मी बारावीला इंग्रजीत दोनदा राहिलेली बाई. मी म्हटलं, मला जर्मन कुठे लिहिता येतंय. हे म्हणाले, तू मराठीत लिही, मी दर रविवारी जर्मनमध्ये टाइप करून पाठवत जाईन.

आता ते सांगते. माझ्या माहेरी लेकरू बरं आहे असं तोंडाने कोणी म्हणत नाही. गुटगुटीत असलं तरी वाळलंय म्हणायचं, खेळत असलं तरी चाललंय आपलं म्हणायचं. माझ्या धाकट्या भावाला एक शेजारीण म्हणाली होती, काय बाळसं धरलंय हो, तर आईने ती जिना उतरायच्या आत मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. मी यातच वाढले. मला ते खरं वाटतं की नाही असं कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही, जसं चप्पल उलटी पडली की आपण सुलटी करतो, विचार करून करत नाही.

तर ज्या दिवशी तिने पहिल्यांदा आपल्या हाताने चमचा धरून दहीभात तोंडात घातला, अर्धा सांडला, आणि नोखमाल म्हणाली, म्हणजे अजून एकदा, त्या दिवशी मी वहीत लिहिलं, आज तसंच. सलग दोन आठवडे आकडी आली नाही तेव्हाही लिहिलं, तसंच. पाय मोकळे पडून ती सकाळपर्यंत झोपली, मी चारदा उठून तिचा श्वास बघून आले, आणि लिहिलं, ठीक, तसंच. फोटो नाही, व्हिडिओ नाही. ती वही कोण परकी माणसं वाचणार, त्यांची नजर कशी, आपल्याला काय माहीत. आणि हे दर रविवारी चहा पीत टाइप करायचे, फरक नाही, फरक नाही, फरक नाही.

संध्याकाळी घरी येऊन ह्यांनी पत्र वाचलं, मग वही काढून वाचली. टाइप करताना नुसत्या ओळी उतरवलेल्या, आता पानन् पान लावून वाचलं.

"अगं, ती चमच्याने खाते," मग म्हणाले.

मी म्हटलं, "हो."

"मग हे काय लिहिलंयस?"

मी सांगितलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. नुसतं म्हणाले, हे मी कासेला कुठल्या भाषेत सांगू. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून येताना त्याच मापाची, त्याच रेघांची नवी वही घेऊन आले. म्हणाले, नव्याने लिही, रोजच्या रोज लिहिल्यासारखी, खरं खरं, तारखेनिशी, आपण कळवू की आधीची वही अर्धवट होती. मी म्हटलं, अहो, पण हे खोटं होईल. तर म्हणाले, जे झालं तेच लिहायचंय, यात खोटं काय आहे.

विडरश्प्रुख म्हणजे हरकत, ती घ्यायला एक महिना होता. पत्र यायलाच त्यातले दिवस गेलेले. बाटलीत दोन बोटं थेंब उरले होते. बदलीच्या डॉक्टरांनी एक बाटली स्वतःच्या खिशातून पैसे भरून घ्यायला लिहून दिली, ती आम्ही घेतली, पण दर महिन्याला तसं जमणारं नव्हतं. आणि थेंब एकदम बंद केले की आकडी परत येणार हे त्या डॉक्टरांनीच सांगितलं.

हायडेलबर्गला चर्चच्या मागच्या खोलीत दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी हे औषध घेणाऱ्यांचा एक गट जमतो. आठनऊ माणसं, थर्मासात कॉफी, घरी केलेला केक. तो चालवणाऱ्या बाई निवृत्त नर्स आहेत, त्यांचा मुलगा माझ्याएवढा आहे, व्हीलचेअरवर, त्यालाही हेच थेंब. त्या गुरुवारी ते सगळे त्यांच्या खासदाराला पत्र लिहीत बसले होते. सरकार परत कायदा आवळणार म्हणतात, गांजाची फुलं औषध म्हणून घेणाऱ्यांना ती पोस्टाने मिळणार नाहीत, डॉक्टर नुसता स्क्रीनवर दिसून चालणार नाही. तिथे एक आजोबा येतात, जन्मभर ट्रक चालवून पाठ गेलेले, त्यांच्या गावात ना डॉक्टर ना औषधांचं दुकान, त्यांना फुलं पोस्टानेच येतात. त्या पत्रात नर्सबाईंनी माझ्या मुलीचंही लिहिलं होतं, की कासेवाले आईवडिलांना कसे दमवतात.

म्हणून मला सांगणं भाग पडलं. माझ्या मोडक्या जर्मनमध्ये वहीचं सगळं सांगितलं, नजरेला शब्द सापडेना तर डोळ्याकडे बोट केलं. मग ते आजोबा म्हणाले की पस्तीस वर्षांत मी बायकोला जेवण चांगलं झालंय असं एकदाही म्हटलेलं नाही, आमच्या भागात शिव्या घातल्या नाहीत म्हणजे कौतुकच झालं, तेव्हा ही पोरगी आमच्यातलीच आहे. त्यावर बायका हसल्या. नर्सबाई हसल्या नाहीत.

त्या म्हणाल्या, नवी वही पाठवू नकोस. पहिली खरी मानून त्यांनी नकार दिलाय, दुसरी आली की त्यांच्या लेखी दोन्ही खोट्या. जुनीच, तुझ्या हातची मूळ वही पाठव, आणि तू आत्ता आम्हाला सांगितलंस तेच पत्रात लिही.

आजोबांनी केकची बशी बाजूला सरकवली. "तुझ्या मुलाचे थेंब चालू आहेत," ते त्यांना म्हणाले, "तुला खरं बोलायला सांगायला काय जातंय?"

"आमच्या पत्रात तिची मुलगी आहे," नर्सबाई म्हणाल्या. "उद्या खोटं सापडलं तर आपल्या सगळ्यांचं खोटं."

"गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणजे तुला पत्राची काळजी."

जाताना नर्सबाईंनी मला केकचा तुकडा बांधून दिला आणि म्हणाल्या, तू काय करशील ते कर, तुझी मुलगी पत्रातून काढायची असेल तर मी काढते. मी म्हटलं, राहू दे.

घरी येऊन मी तरीही नवी वही लिहायला घेतली. मुलगी दुपारी किंडरगार्टनमध्ये असते तेव्हा लिहायचे. मला वाटलं होतं आठवणार नाही, सगळं बनवावं लागेल. पण मला एकूण एक दिवस आठवत होता. चमचा धरला तो बुधवार होता, कारण कचऱ्याची गाडी आली होती आणि ती खिडकीकडे बघत जेवत होती. आकडीशिवायचा पहिला आठवडा संपला तेव्हा ह्यांची आई आजारी म्हणून फोन आला होता. सगळं लिहून झालं. त्या वहीत एक ओळ बनवलेली नव्हती, आणि जुनीत एक ओळ खरी नव्हती.

मग मी पत्रही लिहिलं. जर्मनमध्ये, माझ्या हाताने, चुकांसकट. आमच्याकडे लेकरू बरं झालं तर लिहीत नाहीत, मी भ्यायले, माझी चूक, माझी मुलगी चमच्याने खाते.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी दोन्ही वह्या पिशवीत घालून पोस्टात गेले, ते किराणा दुकानातच एका कोपऱ्यात आहे. ह्यांचा मेसेज आला होता, नवीच टाक, पावती घे. माझ्यापुढे तीन माणसं होती. नंबर आला तेव्हा मी जुनी वही आणि पत्र पाकिटात घातलं, चिकटवलं आणि दिलं. पावती घेतली.

ह्यांना रात्री जेवताना सांगितलं. ते मुलीला भरवत होते, भरवायचे थांबले नाहीत. तिच्याकडेच बघत म्हणाले, "तू तुझ्या खरेपणासाठी तिचे पाय पणाला लावलेस." त्यानंतर या विषयावर आम्ही बोललेलो नाही. बाकी सगळं बोलतो.

गटातले लोक खासदाराला भेटून आले. त्याने ऐकून घेतलं, टिपून घेतलं, बघतो म्हणाला. माझ्या मुलीबद्दल त्याने दोन प्रश्न विचारले, असं नर्सबाई म्हणाल्या.

कासेचं उत्तर अजून नाही. तीन महिनेसुद्धा लागतात म्हणे. बाटली पुरवायची म्हणून बदलीच्या डॉक्टरांना विचारून आम्ही एकेक थेंब कमी करतोय, आणि परवापासून डायपर बदलताना तिचा डावा पाय परत आखडायला लागलाय. काल तिच्या हातातून चमचा दोनदा पडला. ह्यांनी तो उचलला, धुतला आणि परत तिच्या हातात दिला, माझ्याकडे बघितलं नाही.

नवी वही माझ्या कपाटात साड्यांखाली आहे. ती अजूनही पाठवता येईल, कासेच्या फोनवरच्या बाई म्हणाल्या, अधिक कागद कधीही जोडता येतात. मग माझं ते पत्र आणि ही वही त्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी येतील, आणि कुणाला काय वाटायचं ते वाटेल.

तुमची मुलगी असती, आणि पोस्टाच्या त्या रांगेत तुमच्या पिशवीत दोन वह्या असत्या, तर तुम्ही कुठली टाकली असती?