नंजुंडप्पांच्या मुठीतला क्लच

नंजुंडप्पांचा डावा हात माझ्या काखेखालून पुढे आला होता आणि मोटरसायकलचा क्लच त्यांच्या मुठीत होता. मी ‘धरा’ म्हटले की ते धरत, ‘सोडा’ म्हटले की सोडत. गाडी मी चालवत होतो की ते, हे आम्हा दोघांनाही नक्की सांगता आले नसते. होसूर रोडच्या दोन्ही बाजूंना नाचणीची हिरवी शेते हळूहळू मागे जात होती. माझ्या डोक्यात कुठेतरी एक घंटा मंद वाजत होती. डावे मनगट मोडले आहे हे मला कळत होते, पण ते मनगट दुसऱ्याच कुणाचे असावे असे वाटत होते.

मी जनावरांचा डॉक्टर. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. ही गोष्ट एकसष्ट-बासष्टची, नोकरीच्या पहिल्याच वर्षातली. आमचा दवाखाना जयनगरच्या टोकाला होता. तेव्हा तिथे नुसते आखलेले रुंद रस्ते, प्लॉटचे दगड आणि मध्येच एखादे नवे घर. पलीकडे मोकळे माळ. ऑक्टोबरच्या सकाळी त्या रिकाम्या रस्त्यांवर धुके उतरे आणि शहर अजून झोपेत कुठलातरी बेत करते आहे असे वाटे.

दवाखान्यात एक जीप होती आणि लष्कराच्या लिलावातून आलेली एक साडेतीनशे सीसीची मोटरसायकल. मुलाखतीत मोठ्या डॉक्टरांनी विचारले होते, “मोटरसायकल येते?” मी म्हणालो, “येते, सर.” मला सायकल येत होती. मोटरसायकलवर कॉलेजच्या मैदानात एका मित्राच्या कृपेने मी दोन फेऱ्या मारल्या होत्या, त्यातली एक त्यानेच मागे बसून मारली होती. नोकरी लागल्यावर आठवडाभर मी पहाटे उठून गाडी दवाखान्याभोवती फिरवली. पुढे व्हिजिटला जीपच मिळे, पण तेवढ्यावर मी स्वतःला तरबेज समजू लागलो.

त्या दिवशी खंडेनवमी होती. इथले लोक तिला आयुधपूजा म्हणतात. आमचे घराणे कित्येक पिढ्या बेंगळूरात, त्यामुळे घरी नाव मराठी आणि थाट कन्नड. निघताना आई म्हणाली, “आज आयुधं पूजेला बसलेली असतात, त्यांना राबवायचं नसतं. पूजा झाली की स्वल्प लवकर ये रे.”

दवाखान्यात दोरखंड, आकडे, सुया, कात्र्या सगळे पाटावर मांडून हळदकुंकू झाले. जीप आणि मोटरसायकलला शेवंतीचे हार पडले, चाकांखाली लिंबे चिरडली. शेवटी कोहळा. त्याला भोक पाडून आत कुंकू भरतात, गाड्यांवरून ओवाळतात आणि रस्त्यात आपटून फोडतात. गाड्यांवर येणारे संकट त्या कोहळ्यावर जावे, एवढाच हेतू. नवा डॉक्टर म्हणून तो मान मला मिळाला. मी तो पुढच्या चौकात नेऊन असा काही आपटला की तुकडे चारी दिशांना गेले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आमचा अटेंडर मुनियप्पा जवळ येऊन हळूच म्हणाला, “सार, तुकडे बाजूला करा. फोडणाऱ्यानंच करायचं असतं.”

आता टाय लावलेल्या डॉक्टरने चारचौघांत ओणवे होऊन कोहळा वेचायचा? मी “सरी, सरी” म्हणालो, म्हणजे बरं, बरं, आणि हात धुवायला गेलो. मुनियप्पाने थोडा वेळ वाट पाहिली. मग त्यानेही केले नाही, कारण फोडला मी होता.

नऊच्या सुमारास सगळे पांगले. जीपचा ड्रायव्हर किल्ली खिशात घालून गावी गेला. मोठे डॉक्टर शहराच्या दुसऱ्या टोकाला घरी गेले. मुनियप्पा कुलूप लावून गेला. मी व्हरांड्यात टाय सैल करत होतो, तेवढ्यात पाठीवर रिकाम्या टोपल्यांची चळत बांधलेले एक गृहस्थ धापा टाकत आले. हे नंजुंडप्पा. पन्नाशीचे, बोम्मसंद्राचे शेवंतीवाले. पहाटे फुले घेऊन मार्केटला आले होते, तिथे गावच्या लॉरीवाल्याने निरोप दिला होता: त्यांची गाय उजाडल्यापासून अडली आहे. पाय दिसतात, वासरू येत नाही.

“एकच गाय आहे, सार,” ते म्हणाले. “बायको गेली त्या वर्षी तिनं ही पाडी म्हणून आणली होती. पहिलंच वेत आहे.”

एवढे बोलून ते माझ्याकडे पाहत राहिले. मला भीती वाटली, आणि आपण कुणाला तरी हवे आहोत याचा आनंदही झाला. माझ्याजवळच्या किल्लीने कुलूप उघडून पूजेतली आयुधे उचलली, मनातल्या मनात आईची माफी मागितली. वडिलांची जुनी, जाड भेंडाची सोला हॅट डोक्यावर घालून पट्टा हनुवटीखाली बांधला. हेल्मेट तेव्हा आम्ही फक्त मोटरसायकलवरून टपाल नेणाऱ्या लष्करी पोस्त्यांच्या डोक्यावर पाहिलेले. नंजुंडप्पा मागच्या कॅरिअरवर पोत्याच्या घडीवर बसले, बॅग मांडीवर.

पहिला गिअर छान पडला. दुसराही. चौक आला, आणि समोर रस्त्यात लाल-पांढरे तुकडे चमकत होते. आपलाच कोहळा, हे ओळखायला वेळ लागला नाही. गाडी चालवता येणारा माणूस अशा वेळी ब्रेकला हात लावत नाही, सरळ निघून जातो. मी पुढचा ब्रेक करकचून दाबला. मोटरसायकलला दोन ब्रेक असतात, पुढचा हाताशी आणि मागचा पायाशी. पुढचे चाक निसरड्यावर असताना अडवले तर ते बाजूला पळते आणि गाडी खालून निघून जाते. माझ्याखालून गेली.

पडताना वेळ फार सावकाश चालतो, हे मी तोवर ऐकले होते, खरे वाटले नव्हते. हँडलचा हार तुटला आणि शेवंतीची फुले एकेक करून हवेत सुटी झाली. त्यांना कसलीच घाई नव्हती. धुके नुकतेच विरत होते आणि त्यातून ऊन पिवळसर उतरत होते. कोहळ्याची एक बी माझ्या चष्म्याच्या काचेवर येऊन चिकटली. मला वाटले, आता आई विचारेल, लवकर ये म्हटलं होतं ना? मग हॅट रस्त्यावर आपटल्याचा आवाज आला, आणि ती माझ्या डोक्यावरच होती हे नंतर ध्यानात आले.

भानावर आलो तेव्हा मागचे चाक अजून फिरत होते. नंजुंडप्पा पाठीवर पडले होते, म्हणजे टोपल्यांवर. टोपल्यांचा चेंदा झाला होता, त्यांना खरचटलेसुद्धा नव्हते. हॅट मागून चेपली होती, डोके शाबूत होते. उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत सोलला होता. डावे मनगट बघवत नव्हते.

नंजुंडप्पांनी मला बसते केले. धूळ झटकली. मग अगदी हळू विचारले, “सार, आता गाईचं काय?”

जमणार नाही, असे सांगायला हवे होते. कुठल्याही शहाण्याने तेच सांगितले असते. पण दुसरा डॉक्टर मिळेपर्यंत दुपार टळली असती, सणाची बस कधी येईल त्याचा भरवसा नव्हता, आणि आजूबाजूला मीच फोडलेल्या कोहळ्याचे तुकडे पडले होते. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. मी म्हणालो, “जाऊ या.”

त्यांनी तुटक्या टोपलीची कांब काढून मनगटाला लावली आणि खांद्यावरच्या पंच्याने घट्ट बांधली. प्रश्न क्लचचा होता. क्लच म्हणजे डाव्या हाताची पकड. ती दाबली की इंजिन आणि चाक यांची फारकत होते, हळूहळू सोडली की पुन्हा गाठ पडते. ती दाबायला मला हात नव्हता.

“अण्णा,” मी म्हणालो, “हे तुम्ही धरायचं. मी सांगेन तेव्हा सोडायचं, पण अगदी हळू.”

“बैलाचा कासरा सैल सोडतो तसं?”

“तसंच.”

दोनदा गाडीने हिसका देऊन मान टाकली. तिसऱ्या वेळी नंजुंडप्पा स्वतःशीच “निधान, निधान” म्हणाले, म्हणजे सावकाश, आणि गाडी गाईसारखी चालू लागली. दुसऱ्या गिअरच्या वर आम्ही गेलोच नाही.

तो प्रवास मला आजही झोपेत दिसतो. चिंचांच्या सावल्या अंगावरून सरकत होत्या. पावसाने तुडुंब भरलेल्या तळ्यात आभाळ उतरले होते आणि बगळे त्या आभाळात उभे होते. केळीचे खांब बांधलेल्या लॉऱ्या, शिंगे रंगवलेले बैल, कुठूनतरी ढोलाचा आवाज. प्रत्येक गावाच्या तोंडाशी फुटलेला कोहळा होताच. तो दिसला की मी म्हणे, “धरा.” इंजिनाचा धडधडाट मवाळ होई, आणि आम्ही त्या लालपांढऱ्या चिखलावरून तरंगत पलीकडे जात असू. “सोडा, निधान.” पुन्हा धडधड. मला वाटे, हा रस्ता संपूच नये. त्याच वेळी मागे नंजुंडप्पांचा श्वास जलद होत असलेला कानाशी ऐकू येई आणि मी जागा होई.

गाय गोठ्यात आडवी पडली होती. डोळे अर्धे मिटलेले. वासराने जन्माला येताना विहिरीत सूर मारणाऱ्यासारखे यायचे असते, पुढचे दोन पाय आणि त्यांवर नाक. इथे पाय होते, नाक नव्हते. म्हणजे मान मागे वळली होती. उजव्या हाताने मी वासराच्या खुरांच्या बेचक्यात चिमटा काढला. पाय किंचित मागे गेला. जिवंत होते.

पण मान सरळ करायला हात खांद्यापर्यंत आत घालावा लागतो. मी हे काम डाव्या हाताने शिकलो होतो. पंचा सोडून बोटे हलवून पाहिली आणि डोळ्यांपुढे काळोख आला. उजवा हात सोललेला. उघडी जखम गाईच्या पोटात घालणे तिलाही वाईट आणि डॉक्टरलाही. मी मागे सरकून गव्हाणीला टेकलो.

“अण्णा, हात धुवा.”

“मी?” नंजुंडप्पा दचकले. “मी शेवंतीवाला, सार. मला काय येतं यातलं?”

“क्लच तरी कुठे येत होता?”

त्यांनी नखे कापली, खांद्यापर्यंत साबण लावला, वर तेल. बाजूला आडवे झाले आणि डोळे मिटून घेतले. मी गाईच्या कळांवर नजर ठेवली. कळ आली की म्हणे, “थांबा.” ओसरली की, “आता वासराची छाती आत ढकला. निधान.” रस्त्यावर तासभर तोच आवाज ऐकलेला हात होता तो. सांगितल्याबरोबर थांबे, सांगितल्याबरोबर हले.

“मान लागली, सार. उलटी वळलीय.”

“मानेवरून पुढे या. काय लागतं?”

“कान. मग स्वल्प खळगा. ओठ असावा.”

“ओठाच्या कोपऱ्यात बोट अडकवा. कळ आली, थांबा!”

कळ गेली. गोठ्यात माशांचा आवाज तेवढा होता. नंजुंडप्पांचे मिटलेले डोळे एकदम उघडले.

“सार,” ते कुजबुजले, “बोट चोखतंय.”

मला रडू आले. मनगटामुळे असे मी नंतर लोकांना सांगत असे, ते खोटे होते.

पुढचे काम पाव तासाचे. मान पुढे आली, दोर लावला, कळेबरोबर ओढले. ओली, काळी, पांढऱ्या टिळ्याची कालवड गवतावर पडली. तिच्या नाकात मी गवताची काडी फिरवली, ती शिंकली. गाईने मान वळवून तिला चाटायला सुरुवात केली. मी तिथेच गवतात झोपून गेलो, ते त्यांनी मला लॉरीत घालून इस्पितळात नेईपर्यंत.

तीन दिवसांनी प्लास्टर घालून मोठ्या डॉक्टरांपुढे उभा राहिलो. नोकरी जाणार याची खात्री होती.

“मोटरसायकल येत होती?”

“नाही, सर.”

“मग येते का म्हणालात?”

“नोकरी हवी होती.”

“चौकातला कोहळा कुणी उचलला नाही?” असे म्हणून त्यांनी दारात उभ्या असलेल्या मुनियप्पाकडे पाहिले. मुनियप्पाने मान खाली घातली. गप्प राहिलो असतो तर त्याच्यावर गेले असते.

“त्यानं मला सांगितलं होतं, सर. उचलायचा मी होता. मी उचलला नाही.”

मोठ्या डॉक्टरांनी एक कोरा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. “रिपोर्टात सगळं लिहा,” ते म्हणाले. “आणि हात बरा झाला की मुनियप्पाकडून गाडी शिका. त्याला येते.”

मुनियप्पाला मोटरसायकल येते, हे आठ महिन्यांत मी त्याला विचारलेच नव्हते. तो लष्करात पोस्त्या होता.

रिपोर्टात ‘वासरू कोणी काढले’ या रकान्यात मी नंजुंडप्पांचे नाव लिहिले. ते स्वतः गावात सांगत, “गाडी मीच चालवली, वासरू मीच काढलं, डॉक्टर नुसता बोलत होता.” यातला शब्दन् शब्द खरा आहे.

पुढे नोकरीभर जिथे जिथे बदली झाली तिथे आयुधपूजेला कोहळा मीच फोडला, आणि ओणवा होऊन शेवटची बीसुद्धा टोपलीत भरली. डॉक्टर फार श्रद्धाळू आहेत, असे माझ्या मागे लोक म्हणत. मी कधी दुरुस्त केले नाही. पाऊस भरून आला की ते मनगट अजून दुखते.