पाऱ्यापुढं खोटं

मी अन् बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे ज्वारीचं पीठ मळणं. ती पाणी घालत होती, मी मळत होतो. त्यात प्रेमाबिमाचं काही नव्हतं. माझा उजवा हात कापसातली सरकी काढायच्या जिनात, रोलरमध्ये सापडलता, अन् तो किती परत आला हे ती रोज पिठात पाह्यची. मी मूठ दाबायची, तिनं बोटांचे ठसे पाह्यचे.

"तीन आले," ती म्हणाली. "करंगळी अजून माहेरी हाय."

हात गेला कसा, तेही सांगतो. म्हातारपणी काय लपवायचं? रोलरमध्ये कापूस अडकला का काडीनं काढायचा असतो. मी जिनातला जुना माणूस. नव्या गड्यांले म्हटलं, काडी भित्र्यांसाठी असते, हे पाहा. त्यांनी पाह्यलं.

यवतमाळच्या दवाखान्यात नागपूरहून शिकून आलेली एक ताई अशा हातांकडून व्यायाम करून घ्यायची. रक्तदाब मोजायचा पट्टा गुंडाळून, थोडी हवा भरून ती मुठीत द्यायची. दाबला का काचेच्या नळीत पारा चढायचा. कुठवर चढला ते ती वहीत लिहायची. शंभरापर्यंत गेला तरच कामावर जायचा कागद मिळणार होता, अन् कागदाशिवाय जिनवाला फाटकात घेत नव्हता. तोवर बायको दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचत होती अन् मी घरी बसून खात होतो.

मग मी अक्कल लढवली. ताईचे डोळे नळीवर असत. मी हात टेबलाखाली घ्यायचा, पट्टा मांडीवर ठेवायचा अन् वरून सगळं अंग टाकायचं.

"काका, हात वर ठेवा ना."

"वर लाज वाटते, ताई."

पारा थेट नव्वद! घरी येऊन मी मिशीवर ताव दिला, तोही डाव्या हातानं. पीठ मळलं त्या शेवटच्या सकाळी मात्र परातीतले ठसे पाहून बायकोनं मले धरलं.

"काहो, नव्वदवाला हात हाच काय? खरं सांगा."

सांगितलं. मांडीसकट सांगितलं.

"दीक्षा घेतली आपण. विहारात हात जोडून म्हणता, खोटं बोलणार नाही. अन् पाऱ्यापुढं?"

"माणसापुढं बोलणार नाही म्हटलं होतं. पाऱ्याचं कोणी सांगितलं नव्हतं."

"मंग रोलर काय तुमचा कागद वाचून थांबन? दुसराबी हात तिथंच ठेवून यासान!"

"उद्या शंभर करतो, पाह्यजो."

ती हसली. एवढी हसली का पदरानं डोळे पुसले. मग भाकर बांधून वेचणीले गेली.

दुपारी बाया तिले बैलगाडीत घेऊन आल्या. छातीत दुखते म्हणून बांधावर बसली, पाणी मागितलं, अन् पाणी येईपर्यंत गेली. संध्याकाळी माती झाली. मी रडलो नाही. काय झालं हेच मले कळलं नव्हतं. मी मुळातच मठ्ठ.

दुसऱ्या दिवशी सकाळी सदरा घालून निघालो. घर पाहुण्यांनी भरलं होतं.

"कुठं चालले, भाऊजी?" साळी म्हणाली.

"दवाखान्यात. मोजायची तारीख हाय."

"आज?" ती तोंडाकडे पाहतच राह्यली. याचं डोकं गेलं, असं मागं कोणीतरी म्हणालं. म्हणू दिलं.

ताईले काही माहीत नव्हतं. मी बाही वर केली अन् हात टेबलावर ठेवला. दाबला. पारा पन्नासच्या जरा वर गेला अन् तिथंच थरथरत राह्यला.

"काका, मागच्या खेपेला नव्वद होता."

"ती मांडी होती. हात हा हाय."

ताईनं पेन थांबवला. "हे लिहिलं तर कागद मिळणार नाही."

"लिहा."

तिनं बावन्न लिहिलं. अक्षरं मले धड येत नव्हती, आकडे येत होते. मी वाचला, अन् पट्टा तिच्यापुढं सरकवला.

"भरा हवा. अजून एकडाव दाबतो."