नवसाचे केस

माझे केस खांद्याच्या बरेच खाली होते आणि नोकरी मिळायची होती जळगावातल्या डाळमिलमध्ये, डिस्पॅचला. मुलाखतीला मी ते शर्टाच्या आत पाठीवर सोडले आणि कॉलर वर करून ताठ बसलो. शेठना वाटलं, पोराच्या मानेला काहीतरी झालंय. त्यांनी पंखा कमी करायला लावला आणि नोकरी दिली.

केस कशासाठी, ते आधीच सांगून टाकतो, कारण पुढे कुणी ते ऐकूनच घेतलं नाही. मी मेटल ऐकतो. त्यात गिटार करवतीसारखी चालते, गाणारा घसा फाडून ओरडतो आणि ऐकणारे केस मोकळे सोडून मान गदागदा हलवतात. धुळ्यात कॉलेजला असताना हा नाद लागला. मग काळे टी-शर्ट आले, बोटात कवटीची अंगठी आली आणि केस वाढले. आई म्हणायची, "ये, वेणी घालून देते." चिडवलेलं मला चालायचं. कापलेलं चालणार नव्हतं. नाक बापाचं, आडनाव आजोबांचं, आकाशी शर्ट मिलचा. माझं म्हणावं असं अंगावर एवढंच होतं.

तो आकाशी शर्ट सगळ्यांना सक्तीचा. मी खाली काळा टी-शर्ट घालायचो आणि जेवणाच्या सुट्टीत गोदामात जाऊन वरचा काढायचो. पण मिलमध्ये डाळीची पूड अशी उडते की काळं काही काळं राहतच नाही. छातीवरच्या सांगाड्याला कावीळ झाल्यासारखं दिसायचं. अंगठी बघून हमाल विचारायचे, "शनीची का?" मी मान हलवायचो. कुठे सांगत बसणार.

महिन्याभरात केस कॉलरीबाहेर आलेच. शेठनी केबिनमध्ये बोलावलं. "देख भाऊ, बाहेरगावचे व्यापारी येतात. पेढीवर हे बरं दिसत नाही. सोमवारी कापून ये, नाहीतर येऊ नको."

रविवारभर डोकं धरून बसलो. धुळ्याला परत जाऊन आईच्या जिवावर खायचं की न्हाव्यासमोर मान खाली घालायची? सोमवारी गेलो तो केस मोकळे सोडून. जायचंच आहे तर ऐटीत जाऊ.

शेठ तोंड उघडणार, तेवढ्यात आमचे जुने मुनीम मध्ये पडले. पारोळ्याकडचे, सगळी मिल त्यांना आबा म्हणायची. एरवी हळू आणि शुद्ध बोलणारा माणूस, पण पोटातून बोलायचं असलं की अहिराणीवर यायचा. "शेठ, पोऱ्याना नवस शे. देवीना केस शेतस त्या. कातर लावू नका."

मी चाट पडलो. मग आठवलं. आबांनी पहिल्याच आठवड्यात मला गोदामात बघून विचारलं होतं, केस कशाचे रे? मी म्हणालो होतो, "आहे एक कारण." त्यावर त्यांनी डोळे मिटून हात वर केला होता, पुढचं सांगू नको म्हणून. बोललेला नवस दुसऱ्याला सांगितला की फळत नाही. त्यांचं झालं समाधान आणि मला पत्ता नाही. शेठनी माझ्या केसांकडे बघून हात जोडले. मीही गप्प बसलो. नोकरी राहिली, केस राहिले, अजून काय पाहिजे होतं मला?

तेव्हापासून मिलमध्ये माझी बडदास्त सुरू झाली. कुणी खोबरेल आणून द्यायचं, कुणी चहाला आधी बोलवायचं. मीही शेफारलो. एका दुपारी गोदामात हेडफोन लावले, पोत्याला टेकलो, आवडतं गाणं लागलं आणि राहवलं नाही. उठून केस मोकळे सोडले आणि घातली मान हलवायला. गाणं संपल्यावर डोळे उघडले तर डाळ निवडणाऱ्या बाया समोर हात जोडून उभ्या. त्यांच्यातल्या थोरल्या अक्का पुढे आल्या, माझ्या कपाळाला हळद-कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "आम्हनं काही चुकनं का, माय?"

मी हेडफोन काढून म्हणालो, "नाही, जेवा तुम्ही."

संध्याकाळपर्यंत हे वाक्य देवीचा कौल म्हणून मिलभर फिरलं. दुसऱ्या दिवशी बायांना जेवायला पंधरा मिनिटं जास्त मिळाली.

मग शेठनी केबिनचं दार लावून घेतलं. त्यांच्या मुलाचा कॅनडाचा व्हिसा दोनदा नाकारला होता. घरात कुणी धड जेवत नव्हतं. म्हणाले, "तुझं जे काही चाललंय, त्यात माझंही एक घाल." मी म्हटलं, शेठ, असं मध्येच घालता येत नाही. त्यांना तो माझा विनय वाटला. आणि नशीब बघा, तो व्हिसा आला.

शेठ पेढे घेऊन आले. "आता देवीचं देणं फेडून टाकू. शुक्रवारी केस उतरवू."

खरं सांगावं तर नोकरी जाणार, वर माझ्यासाठी भांडलेले आबा खोटे पडणार. न सांगावं तर केस जाणार. मी शक्कल लढवली: माझा स्वतःचा नवस अजून फळायचाय. आबा म्हणाले, "देवीचं अडकवून ठेवू नये. शेठचं फिटलं की तुझ्याकडे बघेलच ती."

शुक्रवारी गाडी निघाली धुळ्याला, आमच्या गावच्या देवीला. शेठ पुढे, आबा आणि मी मागे. देवळाच्या दारात बघतो तर माझी आई. साडी, खण, नारळ, सगळं तबकात मांडून उभी. आबांनी तिला फोन केला होता. ती देवीला बोलून बसली होती, या पोराचे केस उतरू दे, तुझी ओटी भरीन. एकाच डोक्यावर दोन नवस, आणि त्यातला एकही माझा नाही.

न्हाव्याने पाणी लावलं आणि वस्तरा फिरवला. मी रडलो, लपवत नाही. पहिली बट मांडीवर पडली तेव्हाच रडू फुटलं. आईला वाटलं देवीची कृपा, तीही रडायला लागली. शेठनी डोळे पुसले. न्हावी एकटा कोरडा होता, त्याने मला मान सरळ धरायला सांगितली.

परतताना डोक्याला एसीचा वारा लागत होता. पारोळा मागे पडला तसे शेठ मागे वळले. "आता मुलीचं लग्न जमायचंय. परत वाढवायला घे. यावेळी कुणी चकार शब्द काढणार नाही, मी आहे ना."

माझा तोल गेला. गमावण्यासारखं राहिलं होतं काय? "शेठ, नवस नव्हताच. कधीच नव्हता. मला लांब केस आवडतात, म्हणून ठेवले होते. बस."

ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे बघितलं. मग शेठ हसले आणि पुढे तोंड करून बसले. आबांनी माझ्या गुळगुळीत डोक्यावर हात ठेवला. आधी नोकरीवर पाणी सोडायला निघालास, म्हणाले, मग मे महिन्यात पाठीवर ते ओझं वागवलंस, आज लहान पोरासारखा रडलास.

"नुसतं आवडतं म्हणून कुणी एवढं सोसत नाही रे भो."