नववी ‘ब’चा रेकॉर्ड आणि आमचा स्टाफ

बदनापूरजवळच्या आमच्या शाळेत तपासायच्या वह्या आणि किस्से दोन्ही साठत जातात. वह्या निदान वर्षाखेरी रद्दीत जातात. किस्से कुणी नेत नाही, म्हणून सांगतो.

जालन्यात एक एस्केप रूम निघाली. व्हॅम्पायरच्या खोलीत स्वतःला कोंडून घ्यायचं आणि कुलपं उघडत तासाभरात बाहेर पडायचं. आमच्या नववी ‘ब’ची पोरं बेचाळीस मिनिटांत बाहेर पडली आणि तिथल्या भिंतीवर नाव लावून आली. वर्षभर आम्ही ज्यांना ‘ढ’ म्हणत होतो, तीच! मग काय, रविवारी आम्ही चौघं निघालो. हेडसर, गणिताच्या कांबळे मॅडम, इतिहासाचे गवळी सर आणि विज्ञानाचा मी. हरलो तर सोमवारी वर्गात तोंड कसं दाखवायचं, एवढाच प्रश्न होता.

*

खोलीत स्पीकर होता. अडलात तर त्यातून हिंट मिळते. पहिल्याच कुलपाला आवाज आला, "हिंट पाहिजे का?"

कांबळे मॅडमचं परीक्षेतलं सुपरव्हिजन तालुक्यात प्रसिद्ध आहे.

"पेपर चालू असताना बाहेरून उत्तरं? बिलकुल चालायचं न्हाई!" म्हणत त्यांनी वायरच उपटली.

कॉपीमुक्त अभियान यशस्वी! आम्ही मात्र पंधरा मिनिटं त्याच कुलपापाशी.

*

पुढच्या कुलपाचा नंबर आरशात दडला होता. व्हॅम्पायर आरशात दिसत नाही म्हणे! असली अंधश्रद्धा मी कशी खपवून घेणार? प्रकाशाच्या परावर्तनाचा नियम सांगितला, धुळीवर बोटानं आकृतीसुद्धा काढली.

"सर, तास संपला का तुमचा?" म्हणत मॅडमनी आरसा उलटा केला. नंबर मागं चिकटवलेला होता.

*

गवळी सरांनी इतिहास शिकवला त्याहून जास्त इलेक्शन ड्युटी केली आहे. पेटी उघडली की आतलं मोजायचं, कागदावर लिहायचं, सगळं परत आत ठेवून पेटी बंद करायची. इथंही तेच! तीन पेट्या उघडल्या आणि तिन्हींना पुन्हा कुलपं घातली.

"अहो सर, आतल्या चाव्या कुठं गेल्या?"

"पेटीतच हायेत की. बराबर सील करून ठेवल्यात!"

वर कागदावर आमच्या सह्याही घेतल्या.

*

कसेबसे शेवटच्या दाराशी पोचलो तेव्हा अडतीस मिनिटं झाली होती. म्हणजे रेकॉर्ड अजून मोडता येत होता! फक्त चावी सापडेना.

तेवढ्यात हेडसरांचे गुडघे दुखायला लागले. खोलीत खुर्ची नव्हती. कोपऱ्यात एक लांबलचक शवपेटी होती, तिच्या झाकणावर सर ऐसपैस बसले आणि चावी कशी शोधावी यावर मार्गदर्शन करू लागले.

टकटक झाली.

सर सवयीनं ओरडले, "बाहेर थांबा! मीटिंग चालू आहे!"

टकटक थांबली. मार्गदर्शन थांबलं नाही. बेचाळीस मिनिटं झाली, पन्नास झाली, शेवटी साठाव्या मिनिटाला भोंगा वाजला. सर गुडघे धरत उठले.

शवपेटीचं झाकण हळूच वर झालं. आतून तोंडाला पांढरा रंग फासलेला, घामानं निथळणारा व्हॅम्पायर उठून बसला. आमच्याच शाळेतून दहावी झालेला. त्याच्या हातात दाराची चावी होती.

"सर, झाली का मीटिंग? येऊ?"