बाटलीतली वेल आणि चिमूटभर कुंकू

जुने सहकारी भेटले की लोक आपापली दुखणी सांगतात. आमच्यात मात्र बुरशीच्या गोष्टी निघतात!

सत्तरच्या दशकात सोलापूरच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. आमच्या बिराजदार सरांनी ध्यास घेतला होता, द्राक्षवेलीच्या कोंबाचा कणभर तुकडा बाटलीत वाढवून त्याचं रोप करायचं. त्या तुकड्याला खायला काय आणि किती द्यायचं, हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. क्षार, साखर, नारळपाणी, सगळ्याची मापं बदलत आम्ही नुसत्या बाटल्या भरत होतो.

*

साखर रेशनची. सरांच्या घरातला डबा हळूहळू लॅबमध्येच राहायला आला. एक दिवस सरांच्या पत्नी, आमच्या काकू, स्वतः आल्या. काळा पडलेला एक तुकडा निरखून म्हणाल्या, "मी घरी गुळाचा चहा पिते, आणि हे मेलं साखर खाऊन असं दिसतंय?"

सरांनी मुकाट्यानं साखर निम्मी केली. पुढचे तुकडे हिरवे राहिले!

*

वाफेनं जंतू मारायचं यंत्र, ऑटोक्लेव्ह, नव्हतं, म्हणून बाटल्या उकळायला कुकरही काकूंचाच. शिट्ट्या ऐकून एकदा प्रिन्सिपॉल डोकावले.

"काय शिजतंय?"

"द्राक्षांचं जेवण, सर."

"बरं. माणसांचं झालं की हाक मारा."

*

नारळ आणायचा मल्लप्पा, आमचा लॅब अटेंडंट, सरांपेक्षा वयानं मोठा. नारळ फोडण्याआधी तो त्याला कुंकू लावायचा. एकदा तुकड्यांचं सगळं खाणं, म्हणजे मीडियम, गुलाबी झालं.

सर ओरडले, "मल्लप्पा! कुंकू फॉर्म्युल्यात नाही!"

"अय्यो, म्हणूनच मुळं फुटंनात की!"

*

तुकडे बाटलीत सोडताना बोलायला सक्त मनाई. तोंडातून जंतू जातात. एकदा सरांना चिमटा हवा होता. तोंडाला फडकं, म्हणून त्यांनी दोन बोटं जुळवून खूण केली.

मल्लप्पानं तत्परतेनं तपकिरीची डबी उघडून त्यांच्या नाकाशी धरली!

सर असे शिंकले, असे शिंकले, की चार दिवसांत सगळ्या बाटल्यांत पांढरी बुरशी.

"चिमटीच केला की तुमी," मल्लप्पा म्हणाला.

*

शेवटी एका बाटलीत मुळं फुटली. चार पानंही आली. ज्यांच्या बागेतून कोंब आणले होते, त्या सांगोल्याच्या तात्यांना सरांनी मुद्दाम बोलावून घेतलं. त्या उन्हाळ्यात अख्ख्या सांगोल्यात दुष्काळ होता; तात्यांची विहीर आटली होती, अख्खी बाग वाळून गेली होती. त्यांच्या वेलींपैकी आता ही एवढीच जिवंत होती.

तात्यांनी फेटा सारखा केला, बाटली दोन्ही हातांत धरली आणि किती तरी वेळ बघत राहिले.

"सायेब, हिला पानी किती लागतंय?"

"घातलंय तेवढंच. दोन चमचे. महिनाभर पुरतं."

तात्यांनी बाटली जपून टेबलावर ठेवली. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं,

"बाई, आख्खं सांगोलं मावंल, आसली येखादी बाटली हाय का वो तुमच्याकडं?"