मी छाटलेले तारे

माझी आई निपाणीत विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, शेजारी मी. शाळेतून आले की माझं काम एकच: वळलेली प्रत्येक विडी चिमटीत दाबून बघायची. सैल, वाकडी, फाटकी निघाली की बाजूला. ह्याला छाट म्हणायचे. खरं तर छाट कारखान्यातला चेकर काढायचाच. पण तो काढायचा म्हणजे सगळ्या बायांच्या देखत तोंडावर भिरकावायचा. म्हणून आई म्हणायची, "त्यानं फेकायच्या आत आपणच काढावी गं. आपली इज्जत आपल्या हातात ऱ्हाती."

ही सवय माझ्या हाडात मुरली. वर्गात कुणी उठवायच्या आत मी आपणहून शेवटच्या बाकावर जाऊन बसायची. कोल्हापुरात एम.एस्सी. करून बेळगावच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागले, तरी आडनाव ऐकून घरमालकाचा चेहरा बदलायच्या आत मीच "राहू द्या, खोली लहान पडेल" म्हणून जिना उतरायची. शेवटी एका कानडी म्हातारीनं काहीएक न विचारता खोली दिली. रोज संध्याकाळी ती दारातून विचारायची, "ऊटा आयता?" जेवण झालं का, एवढंच. दिवसभरात माझी विचारपूस तेवढीच. एकटेपणाची सवय होते म्हणतात. डोंबल होते! मला तरी कधी झाली नाही.

वेळ खायला उठायचा म्हणून पीएचडीला नाव घातलं. माझे गाईड लांबच्या शहरात. त्यांनी आपल्या आकाशगंगेसारख्याच एका चक्राकार दीर्घिकेच्या फोटोंच्या फिल्मा टपालानं पाठवल्या. निगेटिव्ह फिल्मा, त्यामुळं आकाश पांढरं आणि तारे काळे. काचेखाली बल्ब लावायचा, वर फिल्म ठेवायची आणि भिंगातून बघत नव्या ताऱ्यांचे पुंजके टिपायचे. ताऱ्यांचा जन्म मध्यापासून कुठवर होतो आणि कुठं थांबतो, हा माझा विषय. पुस्तकं ठाम सांगत होती: पार कडेला वायू आहे, पण इतका विरळ की तो गोळाच होत नाही. तिथं तारा जन्मायचा प्रश्नच नाही.

दिवाळीच्या सुट्टीत काम निपाणीला घेऊन गेले. भर दुपारी एका कोपऱ्यात आई विड्या वळतेय, दुसऱ्या कोपऱ्यात मी फिल्म बघतेय. आणि कडेच्या पार बाहेर, जिथं काही नसायला हवं, तिथं बारीक ठिपके दिसले. तंबाखूचा भुगा उडून बसला असणार म्हणून फुंकर मारली. हलेनात. मऊ फडक्यानं पुसलं, तरी जाईनात. मग फिल्ममधलाच दोष असं ठरवून मी कागदावरच्या त्यांच्या नोंदींवर लाल पेन्सिलीनं एकेक काट मारत गेले. छाट! हात सराईत होता, विचार करावा लागलाच नाही.

बेळगावला परतल्यावर दुसरी फिल्म लावली. तीच दीर्घिका, पण फोटो वेगळ्या रात्री काढलेला. ठिपके पुन्हा तिथंच. त्याच जागी, दीर्घिकेच्या बाहूच्या वळणावर, ओळीनं. दोष काय दोन फिल्मांवर एकाच जागी बसतो होय? सांगायला मात्र कुणी नाही. म्हातारी दारात आली, "ऊटा आयता?" मी "आयतु" म्हटलं, झालं म्हणून. दिवसभर पोटात काही नव्हतं.

गाईड सरांना पत्र लिहिलं, पाकिटात घातलं आणि फाडलं. बेळगावात बल्ब लावून बसलेल्या बाईनं पुस्तकं चुकली म्हणायचं? कुणी हसायच्या आत आपणच काढून टाकलेलं बरं. प्रबंधात ते ठिपके आले नाहीत.

तोंडी परीक्षेत एका म्हाताऱ्या परीक्षकानं चष्मा काढला आणि अगदी मायेनं विचारलं, "कडेच्या बाहेर काहीच दिसलं नाही तुम्हाला?"

आयुष्यात इतकं सताड दार माझ्यासाठी कुणी उघडलं नव्हतं. मी म्हटलं, "नाही, सर."

पदवी मिळाली.

पुढं कैक वर्षांनी अवकाशातल्या दुर्बिणीला अशा दीर्घिकांच्या पार कडेला, त्याच विरळ वायूत, नुकते जन्मलेले तारे सापडले. बातमी वाचून मी ढसाढसा रडले, खोटं कशाला बोलू? पण माझा निकाल त्याच्या किती तरी आधी लागला होता, पदवी घेऊन निपाणीला गेले त्याच दिवशी. पेढ्यांचा पुडा आईपुढं ठेवला आणि ठिपक्यांचं सगळं सांगून टाकलं. वाटलं, म्हणेल, बरं केलंस, इज्जत राखलीस.

तिनं सूप खाली ठेवलं. "ते खरं हुतं?"

"व्हय."

"आणि त्यो म्हातारा सोताहून विचारत हुता?"

"व्हय."

बराच वेळ ती तंबाखूनं पिवळी झालेली बोटं चोळत राहिली. पेढ्याला हात लावला नाही.

"वाकडी काढायला शिकिवलं हुतं गं मी. चांगली न्हाय." मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "चेकरनं फेकलं असतं, तर त्येला बघून घेतलं असतं मी. तूच आपल्या हातानं छाटलंस. आता भांडू कुणाशी?"